मोडेमवरून युनिक्स ते युनिक्स: फाइली पाठवायला कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं

फोर्टच्या ऑफिसात लिनक्सची मशीन, वसईच्या गाळ्यात पंचवीस वर्षांपूर्वीची एससीओ युनिक्स, आणि मधे टेलिफोनची एक जोडी. अशा जोडण्या अजून आहेत. कुठे हिशेबाचं जुनं पॅकेज दुसऱ्या मशीनवर चालत नाही, कुठे यंत्राच्या कंट्रोलरला नेटवर्क कार्ड बसत नाही, तर कुठे ती मशीन इंटरनेटला लावायचीच नाही असं मालकाने ठरवलेलं असतं.

सॉफ्टवेअर ठरवताना आधी एवढंच विचारा: फाइल जाताना कीबोर्डपाशी कोणी बसणार आहे का? कोणी बसणार असेल आणि लाइन आठ बिटांची स्वच्छ असेल, तर मिनिकॉम (डायल करून पलीकडचं टर्मिनल उघडणारा प्रोग्रॅम) आणि झेडमोडेम (फाइल पाठवायचा प्रोटोकॉल). रात्री दोन्ही ऑफिसं बंद असताना आपोआप जायला हवं असेल, तर यूयूसीपी (फाइली रांगेत ठेवून स्वतः फोन लावणारं जुनं युनिक्स पॅकेज). वाटेत कोणीतरी कॅरेक्टर खातंय असा संशय असेल, किंवा पलीकडची मशीन काय चीज आहे हेच धड माहीत नसेल, तर कर्मिट (हाही फाइल पाठवायचा प्रोटोकॉल आणि प्रोग्रॅम). फाइलींचं मोठं झाड आहे आणि त्यातलं रोज थोडंसंच बदलतं, तर पीपीपी (टेलिफोनच्या लाइनवर नेटवर्क उभं करणारा प्रोटोकॉल) आणि त्यावर आरसिंक (बदललेला भागच पाठवणारी कमांड). एक्समोडेम, म्हणजे झेडमोडेमच्या आधीचा प्रोटोकॉल, युनिक्स ते युनिक्स वापरूच नका. का ते पुढे येईल.

(कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना रोमन अक्षरं. युनिक्सला लहान-मोठं अक्षर वेगळं वाटतं, म्हणून जिथे मोठं हवं तिथे तसं सांगितलं आहे.)

वायर आणि मोडेम आधी

‘झेडमोडेम सारखं तुटतं’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा झेडमोडेम नसतोच. फ्लो कंट्रोल लागलेला नसतो.

संगणक मोडेमला १,१५,२०० च्या वेगाने डेटा देतो आणि मोडेम टेलिफोनवर फार तर ३३,६०० ने पुढे ढकलतो. मोडेमचा बफर भरला की त्याने ‘थांब’ म्हणायला हवं. हे म्हणायच्या दोन रीती आहेत. एकात सीटीएस ही स्वतंत्र वायर खाली येते. दुसऱ्यात एक्सऑफ नावाचं कॅरेक्टर डेटातूनच येतं, आणि बायनरी फाइलीतही तेच कॅरेक्टर असू शकतं. म्हणून नेहमी पहिली रीत, म्हणजे आरटीएस-सीटीएस. रॉकवेल किंवा कोनेक्झंट चिपच्या मोडेमला ‘एटी&के३’, यूएस रोबोटिक्सला ‘एटी&एफ१’. त्यावर ‘&सी१&डी२’ घालून ‘&डब्ल्यू’ने साठवा. सी१ मुळे कॅरियरची (पलीकडचा मोडेम जोडलेला आहे का ते सांगणारी) वायर खरी अवस्था सांगते, आणि डी२ मुळे प्रोग्रॅमने डीटीआर (संगणक तयार असल्याचं मोडेमला सांगणारी वायर) सोडला की फोन बंद होतो. हे नसेल तर प्रोग्रॅम मेल्यावरही कॉल रात्रभर चालू राहतो आणि त्याचं उत्तर महिन्याच्या बिलात मिळतं.

लिनक्सच्या बाजूला ‘एसटीटीवाय -मोठं एफ /डेव्ह/टीटीवायएस० सीआरटीएससीटीएस’ द्या (टीटीवायएस० मधला एस मोठा). मग एखादी फाइल जात असताना ‘/प्रॉक/टीटीवाय/ड्रायव्हर/सीरियल’ उघडून बघा. त्या पोर्टच्या ओळीत ‘ओई’ दिसलं आणि पुढचा आकडा वाढत असेल, तर येणारे बाइट उचलायला संगणकाला उशीर होतोय आणि ते पडतायत. सीरियल पोर्टची चिप १६५५०ए असेल तर तिच्यात १६ बाइटांचा फिफो (आलेले बाइट थांबायची रांग) असतो, ती सहसा तग धरते. जुन्या १६४५० मध्ये एकाच बाइटाची जागा असते. तिथे पोर्टचा वेग १९,२०० वर आणा आणि वेगाचा हट्ट सोडा.

लॅमिंग्टन रोडला नुसती ‘सीरियल केबल’ मागितलीत तर हातात उलटी, म्हणजे नल-मोडेम केबल पडू शकते, किंवा आत तीनच वायरी असलेली. तीन वायरींवर अक्षरं दिसतात, लॉगिन होतं, सगळं ठीक वाटतं. मोठी फाइल पाठवली की बोंब. सरळ मोडेम केबल मागा आणि मल्टिमीटर लावून तपासा. नऊ पिनांच्या टोकाची ७ पंचवीस पिनांच्या ४ ला, ८ ही ५ ला, १ ही ८ ला, ४ ही २० ला लागली पाहिजे. बाकी नंतर.

५६के विसरा. व्ही.९० चा तो वेग एका टोकाला डिजिटल लाइन असेल तरच मिळतो, आणि तोही एकाच दिशेने. दोन्ही टोकांना साधा टेलिफोन असेल तर ३३,६०० ही कमाल. हिशेबाला सेकंदाला साडेतीन केबी धरा: एक एमबीला पाच मिनिटं, दहा एमबीला पन्नास.

पावसाळ्यात हेही मिळत नाही. डीपी बॉक्समध्ये (टेलिफोनच्या जोड्या वाटणाऱ्या डब्यात) पाणी शिरलं, केबलचा जोड ओला झाला की लाइनवर खरखर येते, आणि मोडेम दर थोड्या वेळाने डेटा थांबवून नव्याने जुळवाजुळव करत बसतात. अशा लाइनवर ‘एटी+एमएस’ वापरून वेग १४,४०० ला बांधून टाका. सतत तुटणाऱ्या २८,८०० पेक्षा न थांबणारे १४,४०० लवकर संपतात. तांब्याची जोडी जाऊन फायबर आलं असेल आणि मोडेम फायबरच्या डब्याच्या फोन पोर्टला लावला असेल, तरी हाच उपाय. तिथे आवाज पॅकेटांतून जातो, एखादं पॅकेट सटकलं की मोडेमचा ताल चुकतो. त्यातही जी.७११ कोडेक (आवाज आकड्यांत बदलायची रीत) असेल तरच आशा; आवाज दाबणारा जी.७२९ असेल तर मोडेम चालणारच नाही.

ऑफिसच्या ईपीएबीएक्समधून बाहेर डायल करायचं असेल तर ‘एटीएक्स३’ द्या, म्हणजे मोडेम डायल टोनची वाट बघत अडून बसणार नाही. नंबर ‘०,’ ने सुरू करा. स्वल्पविराम म्हणजे दोन सेकंदांचा दम. मोडेम डिजिटल एक्स्टेन्शनला लावू नका, जळू शकतो. कॉल वेटिंग बंद करून घ्या.

लाइन काय खाते ते शोधा

निवडीआधी अर्धा तास या चाचणीवर घालवा. ० ते २५५ ही प्रत्येक किंमत ओळीने हजार-हजार वेळा लिहून २,५६,००० बाइटांची एक फाइल बनवा. पर्लच्या एका ओळीत होते. ती झेडमोडेमने पाठवा. निर्विघ्न पोचली तर लाइन स्वच्छ. अडकली तर कुठल्या आकड्यावर अडकते ते बघा, आणि त्याला हजाराने भागा, म्हणजे कुठला बाइट खाल्ला जातो ते कळतं. १,२८,००० च्या आसपास थांबली तर लाइन सात बिटांची आहे, कुठेतरी पॅरिटी (आठवा बिट चूक तपासायला वापरणं) लागली आहे. २९,००० ला थांबली तर मधे टेलनेट (नेटवर्कवरून लॉगिन करायचा प्रोग्रॅम) आहे आणि त्याचं एस्केप कॅरेक्टर (‘हे माझ्यासाठी’ असं प्रोग्रॅमला सांगणारं) चालू आहे. अगदी शेवटी, २,५५,००० पाशी थांबली तरी टेलनेटच. २५५ हा बाइट ते स्वतःच्या आज्ञेसाठी राखून ठेवतं. एक्सऑन-एक्सऑफ, म्हणजे १७ आणि १९, झेडमोडेम आधीच गुंडाळून पाठवतो, त्यामुळे त्यांच्यापाशी ही फाइल सहसा अडत नाही.

टिल्डाही (~) या चाचणीत सापडत नाही, कारण ‘सीयू’ (मोडेमवरून दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायची साधी कमांड) आणि एसएसएच त्याला नव्या ओळीच्या सुरुवातीलाच एस्केप मानतात. मधे एसएसएच असेल तर न विचारता ‘-ई नन’ देऊन टाका. आणि या फाइलीवरून वेग मोजू नका. एकसारखे हजार बाइट व्ही.४२बिस (मोडेमचं डेटा दाबायचं तंत्र) चुटकीसरशी दाबतो, आकडा खोटा येतो.

झेडमोडेम

चक फोर्सबर्ग यांनी १९८६ मध्ये बनवला. युनिक्सवर तो एलआरझेडएसझेड या पॅकेजमधून येतो: पाठवायला ‘एसझेड’, घ्यायला ‘आरझेड’. त्याचं बळ म्हणजे तो पोच मिळायची वाट बघत नाही. डेटा वाहता ठेवतो, चूक झाली तर पलीकडचा ‘अमुक बाइटापासून पुन्हा’ म्हणतो. एक्समोडेम मात्र १२८ बाइटांचा ठोकळा पाठवून पोच येईपर्यंत गप्प बसतो. चुका दुरुस्त करणाऱ्या दोन मोडेममधून एक फेरी व्हायला एक पंचमांश सेकंद धरा, ठोकळ्याचे ०.०४ आणि फेरीचे ०.२, म्हणजे सेकंदाला जेमतेम पाचशे बाइट. लाइन साडेतीन हजारांची, काम पाचशेचं. शिवाय एक्समोडेम फाइलीचं नाव पाठवत नाही आणि शेवटचा ठोकळा भरायला कंट्रोल-झेड चिकटवतो, मग टार फाइलीच्या चेकसमचा (तपासणीच्या बेरजेचा) मेळ बसत नाही.

वापरायची रीत: मिनिकॉममधून डायल करा, पलीकडे लॉगिन करा. तिकडची फाइल हवी असेल तर तिकडे ‘एसझेड फाइलनाव’ द्या, मिनिकॉम घ्यायला आपणच सुरू होतो. इकडची पाठवायची तर कंट्रोल-ए, मग एस. पडद्यावर दोन तारे, ‘बी’ आणि शून्यांची माळ दिसून सगळं थिजलं, तर पलीकडचा झेडमोडेम हाक मारतोय आणि इकडे ऐकायला कोणी नाही. बहुधा इकडे एलआरझेडएसझेड इन्स्टॉलच नसतं. सुटायचं तर कंट्रोल-एक्स पाचपेक्षा जास्त वेळा दाबा. आठदा दाबलं तर नक्की.

तुटलेली फाइल पुढे चालू करायला ‘एसझेड -आर’. इथे एक खड्डा आहे. पलीकडे त्याच नावाची कालची फाइल पडली असेल तर झेडमोडेम तिलाच ‘अर्धी आलेली’ समजतो आणि कालच्या धडाला आजची शेपटी जोडतो. चूक कुठेच दिसत नाही. म्हणून फाइलीच्या नावात तारीख घाला. ‘-आर’ नसताना त्या नावाची फाइल आधीपासून असेल, तर ‘आरझेड’ ती वगळून पुढे जातं. वरून लिहायचं तर त्याला ‘-वाय’ द्यावा लागतो.

दर काही केबींनंतर चूक येत असेल तर पुन्हा फ्लो कंट्रोल बघा. वायर बदलणं आज शक्यच नसेल तर ‘एसझेड -डब्ल्यू २०४८’ ही मलमपट्टी: दोन केबी पाठवून तो पोच येईपर्यंत थांबतो. हळू जातं, पण जातं.

कर्मिट

कोलंबिया विद्यापीठात १९८१ मध्ये जन्मला, कंट्रोल कॅरेक्टर गिळणाऱ्या मेनफ्रेमशी बोलण्यासाठी. त्यामुळे त्याचा स्वभाव संशयी: जे कॅरेक्टर वाटेत अडेल असं वाटतं ते साध्या छापील अक्षरांत गुंडाळून पाठवतो. सात बिटांच्या लाइनवरून आठ बिटांची फाइल निमूट नेतो. ‘कर्मिट म्हणजे बैलगाडी’ ही ख्याती मूळच्या ९४ बाइटांच्या पाकिटामुळे आणि एकावेळी एकच पाकीट पाठवण्यामुळे झाली. सी-कर्मिटमध्ये पाकीट नऊ हजार बाइटांपर्यंत वाढतं आणि ३१ पाकिटं एकदम वाटेत असू शकतात. स्वच्छ लाइनवर झेडमोडेममध्ये आणि त्याच्यात वाद घालण्याजोगा फरक उरत नाही.

डायल, टर्मिनल, ट्रान्स्फर आणि स्क्रिप्ट हे सगळं एकाच प्रोग्रॅममध्ये असणं ही त्याची खरी सोय. क्रम असा: ‘सेट मोडेम टाइप’, मग ‘सेट लाइन’, ‘सेट स्पीड’, ‘सेट फ्लो आरटीएस/सीटीएस’, आणि ‘डायल’. मोडेमचा प्रकार लाइनच्या आधी सांगायचा; उलटं केलंत तर लाइन उघडतानाच तो कॅरियरची वाट बघत अडकू शकतो. जोडणी झाली की ‘कनेक्ट’, तिकडे ‘कर्मिट -आर’ चालवा, कंट्रोल-बॅकस्लॅश आणि सी दाबून परत या, मग ‘सेंड’. खराब लाइनवर ‘रोबस्ट’ म्हणा, चांगल्यावर ‘फास्ट’. पाकिटाची लांबी घेणारा ठरवतो, त्यामुळे ‘सेट रिसीव्ह पॅकेट-लेंग्थ १०००’ पलीकडे द्यायचं, तुमच्याकडे देऊन उपयोग नाही.

जुनी आवृत्ती समोर असेल तर दोन्हीकडे आठवणीने ‘सेट फाइल टाइप बायनरी’. मजकुराच्या मोडमध्ये तो ओळींची टोकं बदलतो आणि जीझिप (दाबलेली) फाइल पलीकडे उघडत नाही. सी-कर्मिट ९.० पासून, म्हणजे २०११ पासून, ते बीएसडी लायसन्सवर आहे, त्यामुळे लिनक्सवर सहज मिळतं. पलीकडच्या मशीनवर जागा कमी असेल तर जी-कर्मिट टाका. तो स्वतः डायल करत नाही, फक्त समोरच्याला उत्तर देतो. तिकडे तेवढंच लागतं.

यूयूसीपी

ऐंशीच्या दशकात जुहूचं एनसीएसटी (नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी) आणि पवईचं आयआयटी यांच्यात मेल जायची ती डायल-अपवरच्या यूयूसीपीनेच. आज ते म्हातारं वाटतं, पण रोज रात्री अकरानंतर विक्रीची फाइल पाठव, लाइन एंगेज असेल तर थोड्या वेळाने पुन्हा कर, सकाळी लॉगमध्ये लिहून ठेव, हे सगळं त्यात आधीच आहे. तेच काम शेल स्क्रिप्ट आणि ‘एसझेड’ जोडून करायला गेलात तर दोन महिन्यांत अर्धं यूयूसीपी स्वतःच लिहून बसाल, आणि तेही भोकं असलेलं.

‘यूयूसीपी’ ही कमांड फाइल रांगेत टाकते. फोन लावतो तो ‘यूयूसीआयको’. लिनक्सवर टेलर यूयूसीपी घ्या. त्याच्या ‘सिस’ फाइलीत पलीकडच्या मशीनचं नाव, वेळ, फोन नंबर, पोर्ट आणि लॉगिनची चॅट (पलीकडून काय आलं की काय उत्तर द्यायचं) लिहायची. पाठवायची कमांड अशी: ‘यूयूसीपी -मोठं सी विक्री.टार.जीझेड वसई!~/’. ते ‘!’ चिन्ह बॅश आणि सी-शेल स्वतःच्या हिस्टरीसाठी उचलतात, म्हणून त्याआधी बॅकस्लॅश. मोठं सी स्पूलमध्ये (रांगेतल्या फाइली ठेवायच्या जागी) प्रत काढून ठेवतं. सगळ्या युनिक्सवर हे आपोआप होत नाही. न झालेल्या मशीनवर रात्री दहाला मूळ फाइल बदलली तर अकराला बदललेलीच जाते. प्रत न काढता पाठवत असाल तर फाइल ‘यूयूसीपी’ या युजरला वाचता यायला हवी, नाहीतर फोन लागेल आणि हात हलवत परत येईल.

वेगाची किल्ली प्रोटोकॉलच्या अक्षरात आहे. जुना ‘जी’ ६४ बाइटांची तीन पाकिटं पाठवून थांबतो. वरच्याच हिशेबाने सेकंदाला नऊशे बाइटांच्या आत. दोन्हीकडे टेलर असेल तर ‘आय’ वापरा: १०२४ बाइटांची १६ पाकिटं, आणि एकाच वेळी दोन्ही दिशांना फाइली. वाटेत एक्सऑन-एक्सऑफ खाल्ले जात असतील तर त्याचाच भाऊ ‘जे’. पलीकडे एससीओचं मूळचं यूयूसीपी असेल तर ‘जी’च राहील, विंडो सातपर्यंत वाढवून बघा, पण पाकीट ६४ च्या वर नेताना जपून, काही जुने ‘यूयूसीआयको’ त्यावर कोसळतात.

चाचणी करताना ‘यूयूसीआयको -मोठं एस वसई’ म्हणा. लहान एसने गेलात तर आधीचा फोन फसल्यानंतरची सक्तीची विश्रांती संपेपर्यंत तो डायलच करत नाही, आणि तुम्ही मोडेमला दोष देत बसता. ‘यूयूस्टॅट -ए’ रांग दाखवतं. पोर्ट ‘लॉक्ड’ म्हणाला तर ‘/व्हार/लॉक’ मध्ये ‘एलसीके..’ने (तिन्ही मोठी अक्षरं) सुरू होणारी फाइल बघा. तिच्यातला प्रोसेस नंबर जिवंत नसेल तरच ती काढा. येणारे फोन घ्यायला साध्या गेटीऐवजी (लॉगिन विचारणाऱ्या प्रोग्रॅमऐवजी) एमगेटी लावा. तो हे लॉक मानतो, त्यामुळे येणं आणि जाणं एकाच मोडेमवर भांडण न होता चालतं. एससीओवर ‘टीटीवाय१ए’ मधला लहान ए मोडेम-कंट्रोल नसलेल्या पोर्टचा. मोठा ए मोडेम-कंट्रोलचा.

पीपीपीबद्दल थोडक्यात. दोन्हीकडे टीसीपी/आयपी असेल आणि एसएसएच चालत असेल तर ‘पीपीपीडी’ उभा करून ‘आरसिंक -झेड --पार्शियल’ द्या. बदललेला भागच जातो. (आरसिंक लिहिणाऱ्या दोघांपैकी पॉल मॅकेरास यांनीच पीपीपीडीही सांभाळला, तेव्हा जोडी जमते यात नवल नाही.) जुन्या युनिक्सवर मात्र हे उभं करायलाच दोन दिवस जातात. एका फाइलीसाठी करू नका.

पलीकडे काहीच नसेल तर

पलीकडच्या मशीनवर ना ‘आरझेड’, ना कर्मिट, आणि ते पोचवायलाच ट्रान्स्फर हवा. अशा वेळी ‘सीयू’ने लॉगिन करा. तिकडे सी कंपायलर असेल तर जी-कर्मिटचा सोर्स, नसेल तर त्याच मशीनसाठी बनवलेला प्रोग्रॅम यूयूएनकोड करून (छापील अक्षरांत बदलून), ‘~%पुट’ने ढकला. यूयूएनकोडने आकार एक तृतीयांशाहून थोडा जास्तच वाढतो. ‘~%पुट’मध्ये चूक तपासणारं काहीच नाही, म्हणून पोर्टचा वेग ९६०० वर आणा आणि फाइलीचे लहान तुकडे करा.

पोचलं का ते ‘सीकेसम’ने पडताळा. ‘सम’ने नको: बीएसडी आणि सिस्टिम व्ही या युनिक्सच्या दोन शाखांचा ‘सम’ वेगवेगळी बेरीज करतो, आणि फाइल अचूक असूनही आकडे जुळत नाहीत. मोठी फाइल असेल तर आधी जीझिप, मग ‘स्प्लिट -बी ५००के’. एका तुकड्याला अडीच मिनिटंही लागत नाहीत, लाइन तुटली तर तेवढाच पुन्हा जातो. जीझिप केलेल्या डेटावर मोडेमचं व्ही.४२बिस काही करू शकत नाही, पण बिघडवतही नाही. जुनं एमएनपी५ (हेही मोडेमचं दाबायचं तंत्र) मात्र दाबलेल्या डेटाला फुगवतं. ते लागत असेल तर मोडेमच्या पुस्तिकेत बघून बंद करा.